सायनसच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत रक्तस्राव आटोक्यात कसा ठेवायचा

पोटाच्या शस्त्रक्रियेत शंभर मिली रक्त गेलं तरी ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) कोणी फारशी दखल घेत नाही. सायनसच्या शस्त्रक्रियेत पाच मिली रक्त नको त्या वेळी, नको त्या जागी आलं तर सर्जनला काहीच दिसेनासं होतं. चार मिलिमीटर जाडीच्या दुर्बिणीच्या भिंगावर एक थेंब बसला की अख्खा स्क्रीन लाल होतो. त्या लाल रंगाच्या पलीकडे एका बाजूला डोळा असतो आणि मध्ये फक्त लॅमिना पॅपिरेशिया या कागदासारख्या हाडाचा पापुद्रा. वर मेंदू असतो, आणि तिथलं क्रिब्रिफॉर्मच्या (नाकाच्या छतातल्या चाळणीसारख्या हाडाच्या) बाजूचं हाड काही जणांत ०.२ मिलिमीटरही जाड नसतं. डोळ्याला इजा, मेंदूच्या पाण्याची गळती, मोठ्या धमनीला धक्का या गुंतागुंती बहुतेक वेळा नीट न दिसणाऱ्या फील्डमध्ये, म्हणजे कामाच्या जागेत, हात चालवल्याने होतात. त्यामुळे नाकात रक्त किती गेलं यापेक्षा पुढची खूण दिसते आहे का, हे महत्त्वाचं.

ईएनटीचे निवासी डॉक्टर आणि जिल्ह्या-तालुक्याच्या गावी नुकतंच स्वतंत्रपणे काम सुरू केलेले सर्जन यांच्यासाठी हे लिहितो आहे. मात्रा प्रौढांच्या आहेत आणि प्रत्येक रुग्णात भूलतज्ज्ञाशी बोलूनच ठरवायच्या आहेत. रुग्ण हे वाचत असतील तर एकच विनंती: रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

रक्त येतं कुठून

नाकातला रक्तस्राव दोन प्रकारचा असतो आणि दोन्हींवरचे उपाय वेगळे. पहिला म्हणजे सुजलेल्या अस्तरातून, पॉलिपच्या (अस्तराच्या फुगवट्याच्या) बुडातून, सगळीकडून झिरपणारं रक्त. ते केशवाहिन्यांचं असतं. नाडीचा वेग, रक्तदाब, डोक्याची पातळी, सूज आणि आपला हात किती हलका आहे, यांवर ते अवलंबून असतं. दुसरा म्हणजे नाव असलेल्या धमनीचा: स्फिनोपॅलाटाइन (नाकात मागून येणारी मुख्य धमनी), तिची सेप्टमकडे (नाकाच्या मधल्या पडद्याकडे) जाणारी फांदी, अँटीरियर एथमॉइडल (नाकाच्या छताजवळची) आणि सगळ्यांत भयंकर म्हणजे इंटर्नल कॅरोटिड (मेंदूला रक्त नेणारी). पहिल्या प्रकाराला बायपोलर (वाहिनी विजेने जाळून बंद करणारा चिमटा) लावत बसलात तर अस्तर जळतं आणि रक्त तसंच येत राहतं. दुसऱ्या प्रकाराला नुसती पॅटी (औषधात भिजवलेली छोटी पट्टी) दाबून वाट बघितली तर पॅटी काढताच धार परत सुरू होते.

फील्डला ० ते ५ गुण देण्याची बोएझार्ट यांची पद्धत १९९५ पासून वापरात आहे. रक्त अजिबात नाही ते ०. कधीतरी सक्शन लागतं ते २. सक्शन काढल्यावर काही सेकंदांत फील्ड भरतं ते ३, सक्शन काढताक्षणी भरतं ते ४, आणि सक्शनच्या वेगापेक्षा जास्त वेगाने रक्त येतं ते ५. १ किंवा २ वर काम करायचं. ३ झाल्यावर भूलतज्ज्ञाशी बोलायचं. ४ वर हात थांबवायचा. हा आकडा ओटीत मोठ्याने बोलायची सवय लावा. ‘जरा ब्लीडिंग आहे’ या वाक्यातून भूलतज्ज्ञाला काहीच कळत नाही. ‘चार झालंय’ म्हटलं की कळतं.

ओपीडीतली तयारी

दुर्बीण नाकात घालण्याआधीच फील्ड कसं असणार ते बहुतांशी ठरलेलं असतं. म्हणून ओपीडीत घालवलेल्या पंधरा मिनिटांचं मोल ओटीतल्या तासाभराइतकं आहे.

‘काही गोळ्या चालू आहेत का’ असं विचारलं की रुग्ण ‘नाही’ म्हणतो. डोकं दुखलं की घेतलेली डिस्प्रिन, गुडघ्यासाठीची कॉम्बिफ्लाम, ‘शुगरवाल्या डॉक्टरांनी’ चालू ठेवलेली इकोस्प्रिन यांना तो औषध समजतच नाही. नावं घेऊन विचारा, गोळ्यांची पिशवी आणायला सांगा. मासळीच्या तेलाच्या कॅप्सूल, लसणाच्या गोळ्या, ई जीवनसत्त्व, जिन्को हेही विचारा. यांमुळेही प्लेटलेटच्या कामावर परिणाम होऊ शकतो.

हृदयरोगतज्ज्ञाची संमती असेल तर अ‍ॅस्पिरिन साधारण सात दिवस आधी थांबवतात, क्लोपिडोग्रेल पाच ते सात दिवस, वॉरफेरिन पाच दिवस आणि मग आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते) तपासून. अपिक्सॅबॅन, रिव्हारॉक्सॅबॅनसारख्या नव्या गोळ्या किडनी चांगली असेल तर दोन ते तीन दिवस. आयबुप्रोफेनला एक ते तीन दिवस पुरतात. अलीकडे स्टेंट बसवलेला असेल तर गोळी थांबवण्यापेक्षा शस्त्रक्रिया पुढे ढकलणं शहाणपणाचं. पॉलिपची शस्त्रक्रिया सहा महिने थांबू शकते.

दात काढल्यावर रक्त थांबायला वेळ लागला होता का, पाळीत खूप जातं का, घरात कोणाला असा त्रास आहे का, हे तीन प्रश्न नुसत्या रिपोर्टपेक्षा जास्त सांगतात. सौम्य फॉन विलेब्रँड (रक्त नीट न गोठण्याच्या आनुवंशिक) आजारात पीटी आणि एपीटीटी या रक्त गोठण्याच्या तपासण्या दोन्ही नॉर्मल येऊ शकतात. पावसाळ्यात दोन आठवड्यांपूर्वी ताप येऊन गेलेला रुग्ण असेल तर प्लेटलेट पुन्हा मोजा. आपल्याकडे डेंग्यू इतका आहे की महिन्याभरापूर्वीच्या रिपोर्टवर विसंबता येत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या कोणत्या चालू ठेवायच्या ते भूलतज्ज्ञाला विचारून चिठ्ठीवर लिहून द्या. ‘उपाशीपोटी’ म्हटल्यावर लोक सकाळची बीपीची गोळीही सोडतात. बीटा-ब्लॉकर चालू असेल तर तो अचानक बंद होता कामा नये.

पॉलिप असतील तर प्रेडनिसोलोन ३० मिलिग्रॅम रोज, पाच ते सात दिवस आधी. रक्तस्राव कमी होतो, फील्ड सुधारतं आणि वेळ वाचतो, याला चांगला आधार आहे. मधुमेह, पोटातला अल्सर, जुना क्षयरोग आणि काचबिंदू यांची चौकशी केल्याशिवाय हे लिहायचं नाही. नाकात पू असेल तर आधी प्रतिजैविकं देऊन सूज उतरू द्या. तांबड्या, पुवाळलेल्या अस्तरावर केलेली शस्त्रक्रिया रक्ताळणारच.

सीटी वाचताना

सीटी लाइटबॉक्सवर लावून निवांत वाचा, जमल्यास आदल्या रात्री. रक्तस्रावाच्या दृष्टीने तीन गोष्टी शोधायच्या. कोरोनल छेदात डोळ्याच्या आतल्या भिंतीला, नेत्रगोलाच्या लगेच मागच्या पातळीवर, एक छोटं टोक दिसतं. तिथून अँटीरियर एथमॉइडल धमनी बाहेर पडते. ती कवटीच्या तळात दडलेली आहे की खाली लोंबते आहे ते बघा. सुप्राऑर्बिटल सेल (डोळ्याच्या वरचा हवेचा कप्पा) मोठा असेल तर ती हमखास लोंबते, आणि फ्रंटल रिसेसमध्ये (कपाळाच्या सायनसच्या वाटेत) काम करताना डीब्रायडरच्या (फिरत्या पात्याच्या साधनाच्या) तोंडात येऊ शकते. दुसरं म्हणजे स्फिनॉइडच्या (सगळ्यांत मागच्या सायनसच्या) बाजूच्या भिंतीवरचं कॅरोटिडचं हाड शाबूत आहे का, आणि स्फिनॉइडचा पडदा त्या हाडाला जाऊन चिकटला आहे का. चिकटला असेल तर तो पडदा पिरगाळून मोडायचा नाही. तिसरं म्हणजे ओनोडी सेल (स्फिनॉइडच्या वर सरकलेला मागचा एथमॉइड कप्पा), ज्यात ऑप्टिक नर्व्ह (दृष्टीची नस) आणि कधी कधी कॅरोटिडही अनपेक्षित ठिकाणी येते.

एका बाजूच्या नाकात भरगच्च गाठ, तरुण मुलगा, वारंवार घोळणा फुटण्याची तक्रार असं चित्र दिसलं तर अँजिओफायब्रोमा (रक्तवाहिन्यांनी भरलेली गाठ) मनात आलाच पाहिजे. तिथे ओपीडीत बायोप्सी घ्यायची नाही.

भूलतज्ज्ञाशी बोलणं

रुग्ण टेबलवर आल्यावर नव्हे, त्याच्या आधी बोला. मला तीन गोष्टी हव्या असतात: नाडी ६० च्या आसपास, सरासरी रक्तदाब ६० ते ७०, आणि डोकं वर.

यांतली नाडी सगळ्यांत महत्त्वाची आहे, असं माझं ठाम मत आहे. दाब ६५ वर आणला पण नाडी १०० वर गेली तर फील्ड ओलंच राहतं. नायट्रोग्लिसरीनने दाब उतरवला की हेच होतं: रक्तवाहिन्या पसरतात, नाडी धावते आणि मॉनिटरवरचा आकडा छान दिसत असताना नाकात रक्त झिरपत राहतं. श्वासातून द्यायच्या वायूंनीही मोठ्या मात्रेत वाहिन्या पसरतात. म्हणून प्रोपोफॉलच्या इन्फ्युजनवर दिलेली, पूर्णपणे शिरेतून जाणारी भूल या शस्त्रक्रियेला सरस ठरते. सोबत रेमिफेंटॅनिल असेल तर उत्तम. ते नसलं तरी फेंटॅनिल आणि डेक्समेडेटोमिडिन यांवर चांगलं काम होतं. डेक्समेडेटोमिडिन १ मायक्रोग्रॅम प्रति किलो दहा मिनिटांत आणि मग तासाला ०.२ ते ०.७, अशी नेहमीची रीत आहे.

टेबल डोक्याकडून १५ ते २० अंश वर करा. शिरांतला दाब उतरतो आणि फरक डोळ्यांना दिसतो. पण एक हिशेब विसरू नका: डोकं हृदयापेक्षा जितके सेंटिमीटर वर, तितक्या प्रत्येक सेंटिमीटरमागे मेंदूतला दाब साधारण पाऊण मिमी पाऱ्याने कमी होतो. डोकं १५ सेंमी वर असेल तर दंडावर ६० दिसणारा दाब मेंदूजवळ ५० च्याही खाली असतो. तरुण, निरोगी रुग्ण हे सोसतो. जुना रक्तदाब, डायबेटिस किंवा पूर्वीचा अर्धांग असलेल्या साठीच्या माणसाचा दाब मूळ आकड्यापेक्षा फार खाली न्यायचा हट्ट धरू नये. तिथे फील्ड ३ राहिलं तरी चालवून घ्यायचं, नाहीतर टप्प्याटप्प्याने करायचं.

ट्यूबची टेप मानेभोवती आवळून बांधलेली नाही ना, मान वळून शीर दबत नाही ना, फुप्फुसातला दाब विनाकारण चढलेला नाही ना, हेही बघा. रुग्ण गार पडू देऊ नका, कारण थंड शरीरात रक्त नीट गोठत नाही. एसी १८ वर आणि अंगावर एक चादर, ही आपल्याकडची नेहमीची स्थिती बदलायला पैसे लागत नाहीत.

ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड १० ते १५ मिलिग्रॅम प्रति किलो, शस्त्रक्रिया सुरू होण्याआधी सावकाश शिरेतून. पॉलिपच्या आणि दुसऱ्यांदा होणाऱ्या शस्त्रक्रियेत मी ते आवर्जून मागतो. रक्ताच्या गाठीचा इतिहास, अलीकडचा स्टेंट, फिट्स किंवा किडनीचा आजार असेल तर टाळायचं किंवा मात्रा घटवायची.

नाकाची तयारी

इथे घाई केली तर पुढचा सगळा वेळ निस्तरण्यात जातो.

अ‍ॅड्रिनलीन १:१००० म्हणजे अ‍ॅम्प्युलमधलं जसंच्या तसं. प्रौढांत ते पॅटीवर घेऊन अस्तराला लावायला वापरतात. लहान मुलांत सौम्य करून, १:२०००. हृदयाचा आजार असेल तर ते टाळून झायलोमेटॅझोलीन किंवा ऑक्सिमेटॅझोलीन. पॅटी पिळून घ्या. ओथंबलेल्या पॅटीतून द्राव घशात उतरतो, नाडी पळते आणि तुमचा सगळा बेत फिसकटतो. रिबन गॉजपेक्षा न्यूरोपॅटी बरी, कारण गॉजचे धागे अस्तर खरवडतात आणि शस्त्रक्रियेआधीच रक्त काढतात.

दुर्बिणीखाली एकेक पॅटी ठेवायची: एक सेप्टम आणि मिडल टर्बिनेटच्या (नाकाच्या बाजूच्या मधल्या हाडाच्या कप्प्याच्या) मध्ये, एक मिडल मिएटसमध्ये (त्या टर्बिनेटखालच्या खाचेत), एक शक्य तितकी मागे स्फेनोएथमॉइड रिसेसकडे, एक वर अ‍ॅक्सिलाजवळ (टर्बिनेट वर भिंतीला जुळतं तिथे). दोरे नाकाबाहेर, आणि सिस्टरने फळ्यावर संख्या लिहायची. मग घड्याळ लावून दहा मिनिटं थांबायचं. या वेळात स्क्रब करा, सीटी पुन्हा बघा. पॅटी काढल्यावर गुलाबी अस्तर फिकट, जवळपास मातकट पांढरं दिसलं पाहिजे आणि टर्बिनेट आकसून मिएटस उघडलेला असला पाहिजे. एखादा कोपरा अजून गुलाबी दिसत असेल तर पॅटी तिथे पोचलीच नव्हती. तिथे परत लावा.

आता सगळ्यांत धोक्याची गोष्ट. १:१००० अ‍ॅड्रिनलीन वाटीत, इंजेक्शनचं लिग्नोकेन-अ‍ॅड्रिनलीन दुसऱ्या वाटीत, दोन्ही पाण्यासारखी. अदलाबदल होऊन पहिलं टोचलं गेलं तर रुग्ण दगावू शकतो. म्हणून वाटीतल्या अ‍ॅड्रिनलीनला फ्लुरेसिनने पिवळा रंग द्या, आणि इंजेक्शनचं औषध वाटीत ओतूच नका. ते थेट बाटलीतून, लेबल मोठ्याने वाचून सिरिंजमध्ये घ्या. पिवळं कधीच सुईत जात नाही, हा नियम अगदी नव्या सिस्टरलाही एका वाक्यात समजतो.

इंजेक्शनसाठी २ टक्के लिग्नोकेनमध्ये १:२००००० अ‍ॅड्रिनलीन किंवा १ टक्क्यात १:१०००००. आपल्याकडे ४ टक्के लिग्नोकेनच्या पॅट्या भरण्याची जुनी सवय आहे. त्याच्या १० मिलीत ४०० मिलिग्रॅम लिग्नोकेन असतं, आणि ६० किलोच्या माणसात अ‍ॅड्रिनलीनसह एकूण मर्यादा सुमारे ४२० मिलिग्रॅम. पूर्ण भूल दिलेल्या रुग्णाला पॅटीत लिग्नोकेनची गरज नाही. ती मात्रा इंजेक्शनसाठी राखून ठेवा.

सुई लांब आणि बारीक घ्या. मागून पुढे या. आधी टर्बिनेटच्या शेपटीजवळ, स्फिनोपॅलाटाइन फोरामेनच्या (धमनी बाहेर येते त्या छिद्राच्या) भागात, मग अ‍ॅक्सिला, मग अनसिनेट (सायनसच्या दारातली हाडाची पातळ कड). पुढे आधी टोचलं तर सुईच्या छिद्रातलं रक्त मागची वाट झाकतं. प्रत्येक ठिकाणी ओढून बघायचं, सावकाश द्यायचं आणि अस्तर पांढरं होत पसरताना बघायचं. खूप पॉलिप असतील तर टाळूतून ग्रेटर पॅलाटाइन कॅनालमध्ये इंजेक्शन देता येतं. त्यासाठी सुई टोकापासून २५ मिलिमीटरवर वाकवतात, म्हणजे ती खोल जात नाही. हे शिकल्याशिवाय करू नये. दृष्टी गेल्याचे प्रकार दुर्मीळ असले तरी नोंदलेले आहेत.

टोचल्यावर किंवा पॅटीनंतर दाब अचानक चढला तर हात थांबवा, पॅट्या काढा, भूल गाढ करा आणि काही मिनिटं थांबा. अशा वेळी बीटा-ब्लॉकर देऊन दाब उतरवू नये. आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध झगडणाऱ्या हृदयाचा जोर त्याने काढून घेतला जातो, आणि फुप्फुसात पाणी भरून हृदय बंद पडल्याच्या घटना वैद्यकीय साहित्यात आहेत. भूलतज्ज्ञाला हे माहीत असतं, पण ‘आत्ता अ‍ॅड्रिनलीन दिलंय’ हे सांगायचं काम आपलं.

हात कसा चालवायचा

आधी दुर्बिणीची वाट साफ करा. नाकपुडीतले केस कापा, व्हेस्टिब्यूल पुसा. भिंग बरेचदा आतल्या रक्ताने माखत नाही, तर आत-बाहेर करताना नाकाच्या दारातल्या रक्ताने माखतं. आत शिरताना तळ सक्शनने कोरडा करत जा, मागे चोआनात (नाकाच्या मागच्या दारात) साठलेलं डबकं अधूनमधून उपसा. सेप्टम वाकडा असून वाट अडवत असेल तर तो आधी सरळ करा. अरुंद वाटेत प्रत्येक वेळी अस्तर खरचटतं.

अस्तर ओढून फाडू नका. पकडून उपटणाऱ्या फोर्सेप्सऐवजी आरपार कापणारी फोर्सेप्स वापरा. फाटलेल्या अस्तराखालचं उघडं हाड रक्ताळतं आणि पुढे महिनोन्महिने खपल्या धरतं. पॉलिपला डीब्रायडरसारखं साधन नाही, कारण कापणं आणि ओढून घेणं एकाच वेळी होतं. मात्र पात्याचं तोंड सतत दिसत राहिलं पाहिजे, आणि डोळ्याच्या भिंतीकडे ते वळवायचं नाही. एर्लांगेनच्या विगांड यांनी रूढ केलेली मागून पुढे येण्याची पद्धत आणि ग्राझच्या मेसरक्लिंगर-स्टामबर्गर यांची पुढून मागे जाण्याची पद्धत, दोन्ही शिकून ठेवा. रक्ताच्या बाबतीत तत्त्व सोपं आहे: खालचं आणि मागचं आधी उरका, वरचं शेवटी, म्हणजे वरून गळणारं रक्त न झालेल्या कामावर येत नाही. फ्रंटल रिसेस नेहमी सगळ्यांत शेवटी.

एका बाजूला रक्त वाढलं की तिथे पॅट्या ठेवून दुसऱ्या बाजूला जा. दोन्ही बाजू आळीपाळीने करणारा सर्जन कधी रिकामा बसत नाही, आणि पॅटीला तिची पाच मिनिटं मिळतात. लांबलेल्या शस्त्रक्रियेत ४५ ते ४९ अंश तापमानाचं सलाइन २०-३० मिली हळूहळू सोडलं तर केशवाहिन्यांचं रक्त कमी होतं. थर्मामीटर वापराच. पन्नाशीच्या वर गेलं की अस्तर भाजायला लागतं, आणि नुसतं कोमट असेल तर उपयोग नाही.

म्युकरमायकोसिसमध्ये या सगळ्याचा अर्थ उलटा होतो. २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या प्रत्येक मोठ्या ईएनटी विभागाने हे पाहिलं. बुरशी रक्तवाहिन्या बंद करते, मेलेलं ऊतक कापताना रक्त येतच नाही, आणि लाल रक्त दिसेपर्यंत कापत जायचं असतं. तिथे कडा ठरवण्याआधी अ‍ॅड्रिनलीनच्या पॅट्या लावल्या तर जिवंत ऊतकही मेल्यासारखं पांढरं दिसतं. त्यांतले बरेच रुग्ण कोविडमुळे कमी रेणुभाराच्या हेपॅरिनवर होते. अशा रुग्णात शेवटचा डोस कधी दिला ते विचारून घ्या: प्रतिबंधक मात्रेला १२ तास, उपचाराच्या मात्रेला २४ तास थांबायचं.

फील्ड अचानक भरलं तर

पहिल्या अर्ध्या मिनिटात काहीही कापायचं नाही. पॅटी ठेवा, भिंग धुवा, भूलतज्ज्ञाला नाडी-दाब विचारा, मग पॅटी एका टोकापासून हळूहळू उचलत सक्शन शेजारी धरून बघा, रक्त नेमकं कुठल्या टोकाखालून येतंय. सगळीकडून येत असेल तर उपाय भूल, पॅटी, गरम सलाइन आणि वेळ. एका बिंदूतून, ठोक्याबरोबर उडत असेल तर धमनी आहे, आणि जागेवरून तिचं नाव कळतं.

*स्फिनॉइडच्या पुढच्या भिंतीचा खालचा भाग.* ऑस्टियम (स्फिनॉइडचं तोंड) चोआनाच्या कमानीपासून साधारण दीड सेंटिमीटर वर असतो, आणि त्या दोघांच्या मधून सेप्टमकडे जाणारी फांदी आडवी जाते. ऑस्टियम खालच्या बाजूला मोठा करताना ती हमखास तुटते. बारीक पण जोरदार धार सेप्टमच्या दिशेने येते आणि चोआनात डबकं साठतं. म्हणून ऑस्टियम आधी वर आणि आतल्या बाजूला मोठा करा. खाली जायचंच असेल तर आधी त्या पट्टीवर बायपोलर फिरवा, किंवा अस्तर सोडवून खाली ढकला आणि मग हाड कापा.

*मिडल टर्बिनेटची शेपटी आणि मॅक्सिलरी अँट्रोस्टोमीची (गालाच्या सायनसला केलेल्या वाटेची) मागची कड.* इथे स्फिनोपॅलाटाइन. फोरामेन क्रिस्टा एथमॉइडालिस या छोट्या हाडाच्या कडेच्या लगेच मागे असतो. उगाच जाळत न बसता अस्तराचा छोटा फ्लॅप उचला, क्रिस्टा शोधा, गरज पडली तर ती पंचने काढा आणि वाहिनी उघडी दिसल्यावर बायपोलर किंवा क्लिप लावा. एकच फांदी सापडली म्हणून समाधान मानू नका. अनेकांत फोरामेनपाशीच दोन-तीन फांद्या झालेल्या असतात, आणि पहाटे वॉर्डातून येणारा फोन बरेचदा सुटलेल्या फांदीचा असतो.

*कवटीचा तळ, फ्रंटल रिसेसच्या मागे.* ही अँटीरियर एथमॉइडल. धमनी दोन्ही बाजूंनी दिसत असेल तर बायपोलरने सहज थांबते. कवटीच्या तळाशी मोनोपोलर (ज्यात वीज शरीरातून पसरते) वापरायचं नाही. धोका आहे तो तुटलेलं टोक आकसून डोळ्याच्या खोबणीत जाण्याचा. नाकातलं रक्त अचानक थांबतं, सर्जनला बरं वाटतं, आणि खोबणीत रक्त साठत असतं. म्हणून डोळे झाकायचे नाहीत. पापण्या टेपने बंद, पण दोन्ही डोळे ड्रेपबाहेर, आणि सहाय्यकाने अधूनमधून बोटाने चाचपून बघायचं.

डोळा पुढे आला, दगडासारखा टणक लागला, बाहुली पसरली तर वेळ मिनिटांत मोजायचा. नाकातली पट्टी काढा, म्हणजे रक्ताला बाहेर वाट मिळेल. नेत्रतज्ज्ञाला बोलवा, पण त्यांच्यासाठी थांबू नका. मॅनिटॉल १ ग्रॅम प्रति किलो आणि अ‍ॅसिटाझोलमाइड ५०० मिलिग्रॅम शिरेतून सुरू होत असतानाच लॅटरल कँथोटॉमी करा. डोळ्याचा बाहेरचा कोपरा आर्टरी फोर्सेप्सने मिनिटभर चिमटून ठेवा, हाडाच्या कडेपर्यंत साधारण एक सेंटिमीटर कापा, मग खालची पापणी ओढून धरून तिचा ताणलेला पट्टा कापा. पापणी सैल सुटली की काम झालं. दृष्टिपटल रक्ताशिवाय तासा-दीड तासापेक्षा जास्त तग धरत नाही. कापलेली पापणी नंतर सहज शिवता येते. धमनी आतून सापडत नसेल तर बाहेरून, नाक आणि डोळ्याच्या मधल्या छेदातून बांधता येते. अश्रूपिशवीच्या पुढच्या हाडाच्या कडेपासून ती सुमारे २४ मिलिमीटर मागे असते.

कॅरोटिड

हे क्वचित घडतं, पण घडलं तर तयारी असलेल्याच ओटीत रुग्ण वाचतो. रक्ताचा लोंढा येतो, काही सेकंदांत दुर्बिणीला काही दिसत नाही. या क्षणी आधीचे सगळे नियम बदलतात. दाब उतरवायला सांगायचं नाही. मेंदूचा एका बाजूचा पुरवठा धोक्यात असताना दाब नॉर्मल ठेवावा लागतो. भूलतज्ज्ञाला ‘कॅरोटिड’ हा शब्द स्पष्ट सांगा, रक्त मागवा, मदतीला दुसरा सर्जन घ्या, दोन जाड सक्शन लावा. एकाने एका नाकपुडीतून रक्ताचा प्रवाह सक्शनने बाजूला खेचून धरायचा, दुसऱ्याने दुसरीतून काम करायचं.

अ‍ॅडलेडच्या वर्मल्ड यांच्या गटाने मेंढ्यांवर केलेल्या कामातून चिरडलेल्या स्नायूची पट्टी हा सगळ्यांत भरवशाचा उपाय पुढे आला. मांडीतून किंवा मानेतून दीड-दोन सेंटिमीटरचा स्नायूचा तुकडा घ्या, दोन वाट्यांमध्ये चिरडा, छिद्रावर ठेवा आणि काही मिनिटं हलका दाब देऊन धरा. मग त्यावर पॅकिंग. पॅकिंग ठासून भरू नका; धमनी पूर्ण बंद झाली तर मेंदूला झटका बसू शकतो. रक्त थांबलं तरी रुग्ण तसाच अँजिओग्राफीला गेला पाहिजे, आणि नंतरही तपासणी पुन्हा करावी लागते, कारण धमनीचा खोटा फुगा काही दिवसांनी तयार होऊ शकतो.

गावात कॅथलॅब (अँजिओग्राफीची सोय) नसेल तर सगळ्यांत जवळची कुठे, तिथला फोन नंबर काय, रुग्णवाहिकेला किती वेळ लागतो, हे भिंतीवर लिहून ठेवा. आणि सीटीत कॅरोटिड उघडी दिसणारा रुग्ण सुरुवातीलाच मोठ्या केंद्रात पाठवा.

थांबायचं कधी

सगळे उपाय करून, दहा मिनिटं थांबूनही फील्ड ४ वर असेल आणि पुढची खूण ओळखू येत नसेल तर पॅक करून बाहेर या. नातेवाइकांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा की काम दोन टप्प्यांत करावं लागू शकतं. मग हा निर्णय घेणं सोपं जातं. उरलेले सेल पुढच्या वेळी निघतात.

बाहेर पडताना

शेवटच्या दहा मिनिटांत भूलतज्ज्ञाला दाब रुग्णाच्या नेहमीच्या पातळीवर आणायला सांगा, टेबल सपाट करा आणि दोन्ही बाजू नीट बघा. ६५ च्या दाबावर कोरडं दिसणारं नाक वॉर्डात १३०/८० वर कोरडं राहीलच असं नाही. नेमकी वाहणारी जागा सापडली तर आत्ताच बायपोलर लावा.

कोरडं असेल तर पॅक नको. रुग्णाच्या आठवणीत या शस्त्रक्रियेतलं सगळ्यांत वाईट असतं ते पॅक काढणं. थोडं झिरपत असेल तर मिडल मिएटसमध्ये विरघळणारा फोम पुरतो. मेरोसेल (फुगणारा स्पंज) ठेवायचाच असेल तर हातमोज्याच्या बोटात घालून ठेवा, म्हणजे काढताना अस्तर सोलवटत नाही; दोरा मात्र बाहेर चिकटवा. पॅट्या मोजा. घशातला पॅक काढला हे मोठ्याने सांगून नोंदवा. मऊ टाळूच्या मागे, नॅसोफॅरिंक्समध्ये लपलेली रक्ताची गाठ दुर्बिणीने बघून काढा. ट्यूब काढल्यावर ती गाठ श्वासनलिकेवर पडली तर जीव घेते. ट्यूब निघताना खोकला-उबळ कमीत कमी यावी, एवढी विनंती भूलतज्ज्ञाला करा.

वॉर्डात डोकं ३० अंश वर, बीपीची गोळी वेळेवर सुरू, पॅरासिटामॉलवर वेदना भागत असतील तर दुसरं काही नको. पहिल्या रात्री दर दोन तासांनी नर्सने डोळे बघायचे: सूज, टणकपणा, दोन बोटं दिसतात का. नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. सलाइनने नाक धुणं दुसऱ्या दिवसापासून. रुग्णाला सांगून ठेवा की दोन-तीन दिवस गुलाबी पाणी येणं नेहमीचं आहे. पण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान खपली सुटताना लाल रक्त येऊ शकतं. तसं झालं तर पुढे वाकून बसायचं, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटून धरायचा, तोंडात आलेलं रक्त थुंकायचं, गिळायचं नाही, आणि तेवढ्याने थांबलं नाही तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. हे डिस्चार्ज कार्डावर मराठीत लिहून द्या आणि रात्री उचलला जाईल असा फोन नंबर त्याखाली घाला.